वजा सतरा

आमच्या टीमचा ब्लॉग जगात मिळून वीसेक माणसं वाचतात आणि त्यांतल्या नऊ आम्हीच आहोत. तरी गेली तीन वर्षं मी तो एकही रविवार न चुकवता लिहिते आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. माझ्या ब्लॉगवर फोटो नाहीत, सुविचार नाहीत, कुणाच्या वाढदिवसाचा केक नाही. तक्ते आहेत. कुणी किती चेंडू खेळले, किती धावा केल्या, किती वेळा आउट झालं, कुणाच्या गोलंदाजीवर किती गेल्या. नवरा म्हणतो, हा ब्लॉग नाही, हा रिपोर्ट आहे. म्हणू दे. रिपोर्ट लिहिणं हाच माझा धंदा आहे.

माधवगंजात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं काम करते. हिमोग्लोबिन आठ आलं तर आठच लिहायचं, मग समोरचा कितीही गोड हसो, कितीही ओळखीचा असो. एकदा आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या आईने, पोरीला बघायला मंडळी येणार आहेत, जरा अकरा लिहून द्या ना, म्हणून माझ्या नाकीनऊ आणले होते. मी दिलं नाही. त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. आकड्याच्या बाबतीत मी अशी आहे, आणि मला त्याचा गर्वच आहे म्हणा.

टीम कशी झाली ते सांगते. हजीऱ्याला एका जुन्या गोदामात कुणीतरी वर पत्रा तसाच ठेवून आत चारी बाजूंनी आणि डोक्यावरही जाळ्या बांधल्या, खाली हिरवी चटई अंथरली आणि क्रिकेटसाठी तासावर द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी पोरांची झुंबड असायची. सकाळी सहाला कुणी यायचं नाही. एका शाळेत खेळ शिकवणाऱ्या आमच्या ओळखीच्या दीदी, त्यांनी तो सकाळचा तास धरला आणि लष्कर भागातल्या गल्ल्यांतून नऊ बायका गोळा केल्या. अर्ध्या आम्ही मराठी, अर्ध्या हिंदी. दीदी आपोआप कप्तान झाल्या. सगळ्यांत लहान बँकेत नुकती लागलेली पोरगी, आणि सगळ्यांत मोठ्या माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे वहिनी. तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

वहिनी येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नया बाज़ारला आम्ही एकाच घरात राहतो, त्या खाली, आम्ही वर, स्वयंपाक एक. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी त्यांनी बॅट हातात घेतली ती अशी, की दीदी म्हणाल्या, "भाभी, आप तो खेली हुई हो!"

मग वहिनींनी तो किस्सा सांगितला. त्यांचं माहेर इंदूरचं. बारा वर्षांच्या असताना भावाबरोबर अंगणात खेळत होत्या, चेंडू खिडकीतून आत गेला तो थेट दत्ताच्या तसबिरीवर. काचेचा चुरा. "आईने विचारलं, कुणी फोडली? मी म्हटलं, मी. आईने बॅट उचलली आणि पेटत्या बंबात घातली. त्या दिवशी सगळ्या घराने माझ्या बॅटवर आंघोळ केली." सगळ्या खो खो हसल्या. वहिनीही हसल्या. नंतर एकेचाळीस वर्षं त्यांनी बॅटला हात लावला नव्हता.

आता आमच्या खेळाचा एक नियम. जाळीतल्या क्रिकेटमध्ये आठ जणी खेळतात, दोघी-दोघींची जोडी, आणि प्रत्येक जोडीला ठरलेल्या चार ओव्हर. आउट झालं तरी बाहेर जायचं नाही. खेळत राहायचं, फक्त पाच धावा कापल्या जातात. म्हणून ह्या खेळात माणूस शून्याच्या खालीही जाऊ शकतो. पहिल्या महिन्यात आम्ही बहुतेक सगळ्याच शून्याखाली होतो. मी तक्त्यात 'वजा' लिहायला लागले तेव्हा दोघी-तिघींची तोंडं पडली. दीदींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माइनस लिखना ज़रूरी है क्या?" मी म्हटलं, ज़रूरी है. ते चिन्ह राहिलं.

आणि एक आमचा स्वतःचा रिवाज. रनआउट झाला की पंच नुसता हात करून पाच धावा कापतो. पंच म्हणजे शेडमधलाच माणूस, उंच स्टुलावर बसून अर्धा वेळ पेंगणारा. कुणाच्या नावावर कापायच्या, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, टीमच्या फळ्यावर पाच म्हणजे पाच. बाकावर बसून वही लिहिणारीला दोन जाळ्यांच्या आडून कुठल्या बाजूच्या दांड्या उडाल्या ते धड दिसतही नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरलं, आउट जिचा तिने हात वर करून सांगायचं. कुणी वाद घालत नाही, कुणी विचारत नाही. हात वर झाला की बाकावरून त्या नावापुढे पाच लिहायचे. ह्या रिवाजाचा मला फार अभिमान होता. ब्लॉगवर वरतीच लिहून ठेवलं होतं : आमच्याकडे आउट पंच देत नाही, आम्ही स्वतः देतो.

वही मी लिहायची, आणि मी आत खेळत असेन तेव्हा आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. रविवारी दुपारी जेवणं आटोपली, की त्या वहीवरून मी ब्लॉगवर तक्ता चढवायची. त्या वेळी घरात मला कुणी हाक मारायची नाही.

गेल्या वर्षी इंदूरहून आमंत्रण आलं. तिथे बायकांच्या टीमचे सामने होणार होते, दोन दिवस. आठ जणी जाणार. नवव्या खेळाडूची सोय नव्हती. आता कुणाला वगळायचं? दीदी दोन दिवस विचार घोळवत राहिल्या आणि मग सकाळी खेळ संपल्यावर बेडईच्या पुऱ्या खाता खाता सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इसमें मेरी मर्ज़ी नहीं चलेगी. ब्लॉग पे इस साल का टेबल है. जो सबसे नीचे है, वो रुकेगी."

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. माझ्या तक्त्यावर कुणीतरी पहिल्यांदा निर्णय घेत होतं. मी त्यात अधिक अठ्ठावीसवर होते, दुसऱ्या क्रमांकावर. त्या आनंदात सगळ्यांत खाली कोण आहे ते आठवायला मला घोटभर चहाचा वेळ लागला.

वहिनी होत्या. वजा सतरा.

"सही तो है," वहिनी द्रोण कचऱ्यात टाकत म्हणाल्या. "टेबल म्हणजे टेबल." आणि स्कूटरवर माझ्या मागे बसून घरी आल्या. वाटेत भाजीही घेतली. मला वाटलं, बरं झालं, त्यांनी मनावर घेतलं नाही.

दुपारी मी खाली ताक न्यायला गेले तर त्या माहेरी फोनवर बोलत होत्या. "नाही गं आई, मी येत नाहीये. म्हणजे टीम येत्येय. माझं नाही जमत. ...नको, तू कशाला जातेस मॅच बघायला, मी नसताना? ...अगं नाही, तब्येत ठीक आहे माझी." मग बराच वेळ त्या नुसत्या हूं हूं करत राहिल्या. त्यांची आई ब्याऐंशी वर्षांची. जिने बॅट बंबात घातली तीच. लेकीला खेळताना बघायला ती येणार आहे, तिच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची घेऊन भाऊ येणार आहे, हे सगळं आधीच ठरलं होतं. आम्हांला कुणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं.

पण मी काय करणार होते? आकडा तर आकडाच. वजा सतराला अधिक सतरा लिहून मी त्यांना इंदूरला नेणार नव्हते. स्वतःच्या आईसाठीही मी हिमोग्लोबिन बदललं नसतं.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "वहिनी इतक्या वाईट खेळतात असं वाटत नाही मला. तुझा आकडा चुकला असेल."

"माझा आकडा?"

"मतलब, कहीं कुछ... जोडताना वगैरे."

त्याने हे म्हणायला नको होतं. पुढचे दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले, आणि रविवारी दुपारी त्याच्या समोरच्याच खुर्चीवर बसून वर्षभराची वही उघडली. डॉक्टरीणबाईंचे यजमान प्रत्येक मॅच जाळीमागे उभे राहून मोबाइलवर घेतात आणि ग्रुपवर टाकतात. ते व्हिडिओ कुणी बघत नाही, त्यांची बायकोसुद्धा नाही. मी ते सगळे लावले. प्रत्येक आउट वहीशी ताडून बघायचा, आणि एकही चूक निघाली नाही की नवऱ्याच्या हातात वही द्यायची, एवढाच माझा हेतू होता. वहिनींसाठी मी बसले होते असं म्हणायला मला आवडेल, पण ते खरं नाही.

तिसऱ्याच व्हिडिओत बँकेतली पोरगी आणि वहिनी खेळत होत्या. पोरगी धावली, वहिनी पोचल्या, पोरगी अर्ध्यावर राहिली, तिच्याकडच्या दांड्या उडाल्या. आणि हात वहिनींनी वर केला. "मेरा लिखो, मेरा! मैंने बुलाया था उसको."

वहीत माझ्याच अक्षरात वहिनींपुढे पाच कापलेले होते.

मी पुढे बघत गेले. अकरा. वर्षभरात अकरा वेळा वहिनींनी दुसरीच्या आउटला हात वर केला होता. पाच वेळा इतर दोघी-तिघींच्या आउटला. उरलेल्या सहा वेळा पडद्यावर, क्रीझपासून चांगली हातभर लांब, धापा टाकत राहिलेली बाई मी होते.

मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते अर्धं खरं आहे. धावपळीत कळत नाही, कुणाकडच्या दांड्या, कोण कुठे. पण त्यांतल्या दोन वेळा मला माहीत होतं. एका व्हिडिओत तर दिसतंच आहे. मी हात उचलायला लागले आहे, वहिनी आधी ओरडतात, "माझा गं माझा," आणि माझा हात खाली येऊन केस सारखे करायला लागतो. बावीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त तपासून खरे आकडे लिहिणारी मी, स्वतःचे पाच दुसऱ्याच्या नावावर जाताना केस सारखे करत होते. लाज वाटली. नवरा समोर पेपर वाचत होता. त्याला वाटलं मला चक्कर आली, तो पाणी आणायला गेला.

हिशेब सोपा होता. वहिनी वजा सतरावरून अधिक अडतीस. माझ्यातून सहा वेळा पाच गेले की मी अठ्ठावीसवरून वजा दोन. इतर कुणीही शून्याखाली जात नव्हतं. म्हणजे तक्त्यात सगळ्यांत खाली आता मी.

मी खाली गेले. वहिनी शेंगदाणे भाजत होत्या.

"वहिनी, तुम्ही असं का केलंत?"

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा नसताना एक नजर टाकली आणि परत कढईकडे बघितलं. "अगं, पहिल्या मॅचला तू आउट झालीस ना, तुझी सूरत बघण्यासारखी झाली होती. रडवेली. मला काय, पाच इकडे काय, पाच तिकडे काय. टीमला तेवढेच."

"आणि त्या पोरीचे?"

"ती तर बच्ची आहे."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून दूध उतू गेलं की सासूबाई स्वयंपाकघरात येईपर्यंत वहिनींनी सांगून टाकलेलं असायचं, आज मीच विसरले. लोणच्याच्या बरणीला मी ओला चमचा घातला तेव्हाही त्याच. घरात मोठ्या सुनेने असं अंगावर घ्यायचंच असतं, असं त्यांना कुणी शिकवलं होतं का, ठाऊक नाही. मी मात्र ते बिनदिक्कत घेऊ दिलं होतं, आणि त्याच सवयीने जाळीतही.

"मी तक्ता दुरुस्त करणार आहे," मी म्हटलं.

आता त्या खरंच रागावल्या. गॅस बंद केला. "काही ज़रूरत नाही. तू इतकी हौसेने तयारी केलीस, बॅग काढून ठेवलीस. मी एका आईसाठी सगळ्यांना परेशान करू? आणि तू नाही गेलीस तर तिथे लिहील कोण? तू हे छोड."

"वहिनी, तुम्ही माझा ब्लॉग खोटा केलात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणीही होतं. मोठ्या जावेशी मी आयुष्यात असं बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "शेंगदाणे जळाले बघ," आणि जळालेले वेगळे काढायला लागल्या.

लॅबमध्ये रिपोर्ट चुकला तर आम्ही जुना फाडत नाही. त्यावर रेघ मारतो, नवा देतो, आणि चूक कुणाची ते खाली सही करून लिहितो. ब्लॉगवरही तसंच केलं. जुना तक्ता रेघ मारून तसाच ठेवला. खाली नवा. त्याखाली अकरा आउटांची यादी, प्रत्येकापुढे व्हिडिओत तो कुठे आहे ते, आणि शेवटी : ह्यांपैकी सहा माझे. त्यांतले दोन मला तेव्हाच ठाऊक होते. वजा दोनच्या पुढे माझं नाव लिहिताना बोट जरा थांबलं, पण लिहिलं. इतक्या वर्षांत लिहिलेल्या सगळ्या आकड्यांत मला सगळ्यांत जास्त अभिमान त्या वजा दोनचा आहे.

तासाभरात दीदींचा फोन. "तुमने अपने ही टेबल से खुद को बाहर कर दिया?"

"टेबल ने किया, दीदी."

त्या हसल्या. म्हणाल्या, कॉपी, म्हणजे वही, लिहायला तर कुणीतरी हवंच, तिकीट आपलं आपण काढायचं असेल तर चल. बँकेतल्या पोरीने दुसऱ्या दिवशी दिवसभर तोंड फुगवलं, मग संध्याकाळी मला मेसेज टाकला : मेरे भी सही कर दिए, थैंक यू.

इंदूरचं मैदान आमच्यापेक्षा चकचकीत होतं, जाळ्या नव्या, दिवे पांढरेधोप. खेळाडूंच्या जाळीला लागून लिहिणाऱ्यांसाठी टेबल होतं आणि त्याच्या शेजारी भावाने मावशींची खुर्ची लावली होती. मावशी म्हणजे वहिनींची आई. वाळून काटकुळ्या झालेल्या, पण नजर शाबूत. भाऊ, पन्नाशी उलटलेला, डोक्यावर टक्कल, मागे उभा. मावशींना खेळातलं काही कळत नव्हतं. दर दोन मिनिटांनी मला विचारायच्या, "तिचे किती झाले?" मी सांगायची. त्या मान डोलवायच्या.

वहिनी आणि बँकेतली पोरगी शेवटच्या जोडीत होत्या. वहिनींनी एक चेंडू समोरच्या जाळीवर असा मारला की माझ्या हातून पेन पडलं. तिसऱ्या ओव्हरमध्ये पोरगी उगाच धावली. वहिनी वेळेत पोचल्या. ती पोचली नाही. पंचाने हात केला, पाच.

आणि जाळीच्या आत वहिनींचा हात वर गेला. माझ्याकडे बघत, स्वतःकडे बोट करत. माझा, माझा.

मी मान हलवली. नाही. पोरीनेही हात वर केला होता, वहिनींच्या हाताहून उंच. मी तिच्या नावापुढे पाच लिहिले. वहिनींनी आतून डोळे वटारले. इतक्या वर्षांत मला त्यांचा राग पहिल्यांदा गोड वाटला.

"ती हात का वर करत्येय?" मावशींनी विचारलं.

"दुसरीचा आउट स्वतःवर घेतायत," मी म्हटलं. "सवय आहे त्यांना. वर्षभर घेत होत्या. आज मी घेऊ दिला नाही."

"दुसरीचा?"

"हो. चूक त्या पोरीची, आणि वहिनी म्हणतात मी केली."

ओव्हर संपली. तशा मावशी खुर्चीत सावकाश मागे वळल्या.

"काय रे," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "दत्ताच्या तसबिरीची काच कुणी फोडली होती?"

तो दिव्यांकडे बघायला लागला. "आई, आता ते कुठलं..."

"कुणी फोडली?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग त्या टक्कल पडलेल्या माणसाने, शाळेतल्या बाकावर बसल्यासारखा, हळूच हात वर केला.

मावशींनी पुन्हा आत बघितलं. आत वहिनी बॅट टेकून पुढच्या चेंडूची वाट बघत उभ्या होत्या. मावशींनी हात लांब करून माझ्या वहीवर ठेवला, नेमका वहिनींच्या नावावर, आणि तिथेच ठेवून म्हणाल्या, "लिही बाई तू. नीट लिही."